तूर्त धोका संभवत नाही

दवाखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या माझ्या आत्याला तिथे तोंडावर मॅडम म्हणायचे, पाठीमागे तारीखबाई. मी यायच्या आधी एकदा तिनं रुग्णांच्या नोंदींच्या प्रोग्रॅममधला डेटाबेस ड्रायव्हर अपडेट केला, आणि दोन तास रक्ततपासणीचे अहवाल आदल्या दिवसाच्या तारखेनं निघाले. नुकसान कुणाचंच झालं नाही. सकाळी दाखल झालेल्या माणसाचं रक्त कालच तपासलेलं पाहून डॉक्टर हसले, इतकंच. ते हसू वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा ठपका झाला.

मी कॉलेजात भाषा शिकायला म्हणून तिच्याकडे राहायला आले आणि राहिलेच. ड्रायव्हर म्हणजे काय, हे ती भाजी चिरता चिरता सांगायची.

"प्रोग्रॅम इकडे, नोंदींचा साठा तिकडे. मधे ने-आण करणारा हा. पण हा एकटा येत नाही गं. बोलवावं एकाला, तर सोबत दुसऱ्यांनी लिहिलेली सतरा पॅकेजं घेऊन येतो."

"आणि त्यांतला एक चोर निघाला तर?"

"चोर नसतो. मागचं दार उघडं टाकणारा वेंधळा असतो. चोर नंतर येतो."

पुढे एका वर्षी खरंच वेंधळा सापडला. धोके शोधणाऱ्या यंत्रणेनं तिच्या पडद्यावर लाल ओळ दाखवली: ड्रायव्हरबरोबर आलेल्या एका पॅकेजमधून बाहेरचा माणूस आत शिरून नोंदी वाचू शकतो. उपाय एकच, नवा ड्रायव्हर.

या वेळी तिनं आधी सगळ्याची वेगळी प्रत केली आणि तीन आठवडे तिच्यावरच काम केलं. मागच्या वेळी तारखा मागे का गेल्या होत्या ते शोधलं आणि ड्रायव्हर जोडणाऱ्या फाईलच्या एकोणचाळिसाव्या ओळीत दुरुस्ती केली. हजार जुने अहवाल पुन्हा काढून एकेक ताडून पाहिला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तारीखबाई हे नाव पुसलं जावं आणि निरोप आपल्या नावानं मिळावा, एवढीच तिची हाव. मग ती मोठ्या साहेबांकडे गेली. प्रोग्रॅम अर्धा तास बंद ठेवायला हवा होता.

"आत्ता चालतंय ना?" साहेब म्हणाले.

"चालतंय, पण..."

"मग चालत्या गाडीला खीळ कशाला? मागच्या वेळी काय दिवे लावलेत, विसरलात?"

"या वेळी सगळं तपासलंय, साहेब."

"पुढच्या आठवड्यात बाहेरचे तपासनीस येताहेत. त्यांना लाल काही दिसायला नको. ती ओळ दुर्लक्षाच्या यादीत टाका. नंतर बघू."

दुर्लक्षाची यादी खरोखरच असते. तिच्यात टाकलेला इशारा पुन्हा लाल दिसत नाही. फक्त कारण लिहावं लागतं, आणि लिहिणाऱ्याचं नाव. त्या यादीत साहेबांचं नाव कधीच नसतं. साहेब तोंडी सांगतात.

संध्याकाळी आत्या माझ्यासमोर बसली. "तू भाषेची ना? एक वाक्य दे. अगदी खोटं नको, अगदी खरंही नको."

मला गंमत वाटली. मी ऐटीत सांगितलं, "तूर्त धोका संभवत नाही."

तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "छान आहे. 'तूर्त'मधे लपायला जागा आहे."

'साहेबांच्या सांगण्यावरून' एवढं पुढे जोड, असं मी सुचवलं नाही. तिलाही सुचलं नाही.

तपासनीस आले, खूश होऊन गेले. त्यानंतर दर सोमवारी आत्या विचारायची, "साहेब, ते अर्ध्या तासाचं?" साहेब म्हणायचे, "बघू." असे अकरा सोमवार गेले. बारावा यायच्या आत त्याच मागच्या दारानं हजारो रुग्णांच्या नोंदी बाहेर फुटल्या. एका मुलीचा आजार तिच्याआधी तिच्या सासरी पोचला.

चौकशीत यादीची ती ओळ मोठ्यानं वाचली गेली. "हे वाक्य तुमचं?"

"हो," आत्या म्हणाली. "पण यादीत टाका असं साहेबांनी सांगितलं होतं."

"मी तंत्रातला माणूस नाही," साहेब म्हणाले. "बाईंनी लेखी दिलं, मी विश्वास ठेवला."

आत्याची बदली तळघरात झाली, जुने कागद लावायला.

"ते वाक्य माझं होतं, आत्या," मी म्हटलं.

"नाव माझं होतं," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

तिच्या जागी आलेल्या माणसानं तिच्याच प्रतीतला ड्रायव्हर अर्ध्या तासात बसवला. तत्परतेबद्दल साहेबांचं अभिनंदन करणारा कागद जिन्यापाशी लागला. तळघरात जाताना तो कागद रोज आत्याच्या वाटेत यायचा.

एका रविवारी दुपारी त्या माणसाचा फोन आला. आत्यानं तो स्पीकरवर टाकला, कारण हात कणकेचे होते.

"मॅडम, एकोणचाळिसाव्या ओळीत तुम्ही काहीतरी जोडलंय. काढलं तर चालेल?"

"काढलंत तर तारखा एक दिवस मागे जातील."

"बापरे! मग राहू दे."

"फाईलच्या वर माझं नाव होतं. आहे ते?"

तो अडखळला. "ते... साहेब म्हणाले, फाईल स्वच्छ करा."

"आणि दुर्लक्षाच्या यादीतलं?"

"ते पुरावा म्हणून ठेवायला सांगितलंय, मॅडम."

फोन बंद झाला. आत्या पुन्हा कणीक मळू लागली. मळता मळताच म्हणाली, "विचारलं ते बरं केलं त्यानं. नाहीतर लोकांच्या तारखा चुकल्या असत्या."

मला तिच्या त्या चांगुलपणाचा इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले. तो राग अजून गेलेला नाही.