लॅपटॉपचा ताप बघणारे

मुन्शी घाटामागच्या गल्लीतले लॅपटॉपवाले काका आमच्यासारखेच उत्तरेत वसलेले मराठी, पण तोंडात पान असलं की हिंदीच बोलतात. नव्या मशिनच्या पाठीला ते उलटा हात लावतात, पोराचा ताप बघावा तसा.

परवा त्यांनी मला एआरएम प्रोसेसरचा, एआयवाला लॅपटॉप दाखवला. सकाळपासून चार्जरशिवाय चालूनही तो गार होता. मी सांगितलं तसं त्याने झकास मराठी पत्रही लिहिलं. मी लगेच पाकीट काढलं.

"रुकिए गुरुजी!" म्हणत त्यांनी माझा पत्रिका जुळवायचा जुना प्रोग्राम त्यात घातला. या नव्या प्रोसेसरवर तो काही केल्या उघडेना.

तेव्हा पान थुंकून ते हसत मराठीत म्हणाले, "मुलगी गुणी आहे गुरुजी, पण तुमच्याकडे नांदायची नाही."