गुरुजींची ओहोटी

"आधी बघा, मग बोला," असं म्हणून आमचे गुरुजी उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरायचे. वर्गात कोणी म्हणालं, पलीकडच्या रानात वाघ आलाय, की बोटं वर. कोणाच्या आजीला पिंपळावर मुंजा दिसला, की बोटं वर. गावातली माणसं तर त्यांना तशीच बोटं दाखवून रामराम करायची. त्यात चेष्टा आहे, हे गुरुजींना कधी कळलं नाही.

अशा या माणसाने समुद्र मात्र बघितलेला नव्हता.

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आमची दोन शिक्षकांची शाळा होती. मी किकवीहून नवा लागलो होतो आणि पहिली-दुसरी सांभाळत होतो. तिसरी-चौथी त्यांच्याकडे. चौथीला अलिबागवर धडा होता. मराठ्यांचं आरमार, नारळी-पोफळीच्या बागा, पाण्यातला किल्ला, आणि शेवटी एक वाक्य : 'ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत चालत जाता येते.' ओहोटी किती वेळ टिकते, हे त्यात नव्हतं. ते गुरुजींनी स्वतः ठरवलं होतं.

ठरवलं म्हणजे आमच्या धरणावरून. इथं पावसाळ्यात पाणी चढतं, दिवाळीनंतर उतरू लागतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात. गुरुजींचा जन्म याच काठावरचा. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे भिंत नसलेलं मोठं धरण. हा धडा ते माघापर्यंत राखून ठेवायचे आणि मग चौथीची पोरं घेऊन पाण्याकाठी जायचे. गाळातला एक उंचवटा म्हणजे किल्ला. पोरं आरोळ्या ठोकत चालत जाऊन तो जिंकायची.

"कोळी लई हुशार," गुरुजी सांगायचे. "ओहोटी लागली की व्हड्या पालथ्या घालायच्या आन् गाळात हरभरा टाकायचा."

तुम्ही म्हणाल, मी काय करत होतो? एकदा भीत भीत म्हणालो, "गुरुजी, ओहोटी दिवसातनं दोनदा होते म्हणतात."

"दोनदा? मग हरभरा उगवायचा कवा? मास्तर, तुमी पाह्यलंय का?" बोटं वर.

मी तरी कुठे पाहिलं होतं? ट्रेनिंगला असताना वाचलं होतं, एवढंच. पण खरं सांगतो, मी गप्प बसलो तो या प्रश्नाला घाबरून नव्हे. पोरं त्या धड्यात इतकी रमायची, की मला ते मोडवेना.

मग एका वर्षी गुरुजींनी अलिबागची सहलच काढली. एसटी ठरवली, पोरांनी भाकऱ्या बांधून घेतल्या आणि आम्ही पहाटे निघालो. सहल अर्थातच माघात, म्हणजे 'भर ओहोटीत'. पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि नशीब बघा, समोर खरोखर ओहोटी! किल्ल्यापर्यंत ओली वाळू पसरलेली. गुरुजी आनंदाने पोराहून पोर झाले, सगळ्यांच्या पुढे पळायला लागले.

किल्ल्यात त्यांनी बुरूज मोजायला लावले, गोड्या पाण्याची विहीर दाखवली, इतिहास सांगितला. मग सावलीत भाकऱ्या सुटल्या. माझं लक्ष सारखं बाहेरच्या वाळूकडे. शेवटी कानाशी लागलो, "गुरुजी, निघू या. पाणी येईल."

"माघात पाणी चढत न्हाई, मास्तर. निवांत जेवा."

तेवढ्यात किल्ल्याच्या तटावरून एका कोळणीने हाक मारली, "अवो गुरुजी, पोरांना काढा! भरती लागली!"

पुढचं सांगताना मला आजही हसू येत नाही. एकमेकांचे हात धरून आम्ही पोरांची साखळी केली आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढली. सर्वांत लहान मुलगी गुरुजींच्या खांद्यावर होती. काठावर आल्यावर त्यांनी तीनदा पोरं मोजली. मागे वळून बघितलं, तर वाळू नव्हतीच.

खांद्यावरच्या मुलीने विचारलं, "गुरुजी, मग हरभरा?"

गुरुजी ओल्या धोतरानिशी खाली बसले. "चुकलं, बाय," ते म्हणाले. "म्या चुकीचं शिकवलं."

दुसरा कोणी असता, तर पुढच्या वर्षीपासून गुपचूप धडा बदलून मोकळा झाला असता. गुरुजींनी शाळेचं जुनं रजिस्टर काढलं आणि आजवर चौथी पास झालेल्या सगळ्यांची यादी केली. मग दर रविवारी ते निघायचे. औत धरलेल्या बाप्याला बांधावर बोलवायचे.

"अलिबागचा धडा चुकला व्हता. ओहोटी रोज दोन येळा असती."

"आसू द्या की गुरुजी. चा घेता?"

"चा मागनं. आधी सांग, ओहोटी किती येळा?"

"दोन येळा."

मग यादीत बरोबरची खूण. आंबवड्याला दिलेली एक मुलगी त्यांना दारात बघून पांढरीफटक पडली. तिला वाटलं, माहेरचं कोणी गेलं. "समदी बरी हायेत," गुरुजी म्हणाले. "समुद्राचं सांगाया आलोय." तिच्या सासूने ही गोष्ट अख्ख्या गावाला महिनाभर पुरवली.

गाव हसत होतं, मीही हसत होतो. पण गुरुजींचं आतून काहीतरी खचलं होतं. "पोरं माज्या भरवशावर पाण्यात गेली, मास्तर," असं ते मध्येच म्हणायचे. आणि मी, ज्याला आधीपासून माहीत होतं, पहिलीची हजेरी घ्यायला निघून जायचो.

यादीत शेवटी एकच नाव उरलं. तो मुंबईला होता. त्याला गुरुजींनी पोस्टकार्ड टाकलं. त्या आठवड्यात त्यांना ताप भरला. भोरच्या दवाखान्यात नेलं, पण माणूस परत आला नाही.

तेराव्यानंतर शाळेत उत्तर आलं. ते मीच उघडलं.

'गुरुजींस साष्टांग नमस्कार. मी इथे गोदीत हमाली करतो. भरती-ओहोटी रोज बघतो. पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. गावी आलो की तुम्हाला सांगायचं ठरवायचो, पण तुम्ही त्या धड्यात इतके खूश असायचा की तोंड उघडलं नाही. माझी चूक झाली. पोटात घ्यावी.'

माझ्याच चुकीची कबुली दुसऱ्या कोणीतरी माझ्या आधी लिहून पाठवली होती, आणि ती वाचणारा माणूस उरला नव्हता. मग यादी काढली आणि त्या नावापुढे बरोबरची खूण केली. खाली माझं नाव लिहिलं. त्यापुढची जागा कोरी ठेवली.