परेडच्या ड्रेसात नेलेला निरोप

“तिथंच थांबा भावजी. उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका म्हणते न्हवं.”

वहिनी ओरडत होत्या. गल्लीच्या तोंडाशी जयंतीचा स्पीकर लागला होता, कोल्हापुरातल्या निम्म्या खिडक्या त्याच्या हादऱ्यानं निखळल्या असतील, पण वहिनींच्या आवाजापुढं तो बारीक वाटला. मी दारात उभा. अंगात परेडचा ड्रेस, पांढरा पट्टा, पांढरे हातमोजे, खांद्यावर लाल दोरी, आणि टोपी काढून काखेत धरलेली. टोपी मी आदर म्हणून काढली होती. तिथंच घोळ झाला.

वहिनी म्हणजे माझ्या जोडीदाराची बायको. तो आणि मी फायर ब्रिगेडला एकत्रच लागलो, एकाच गाडीवर वर्षानुवर्षं लटकलो. मी नेसरीकडचा शेतकऱ्याचा पोरगा, तो इथलाच, राजारामपुरीच्या मागच्या बौद्ध वस्तीतला. चौदा एप्रिलला आमचा अग्निशमन सेवा दिन असतो आणि त्याच दिवशी त्यांच्या वस्तीत जयंती. सकाळी आमची परेड, दुपारी त्याच्या घरी जेवण, हा आमचा शिरस्ता. वहिनींच्या हातची खीर खाऊन मी एकदा संध्याकाळपर्यंत उठू शकलो नव्हतो, शेवटी शिडी लावून मला खाली घेतलं, असं मी स्टेशनात सांगतो. खोटं आहे. घर तळमजल्यावर आहे.

परेडला सगळे नटून उभे राहतात, पण एक गाडी कामाच्या कपड्यांत तयार ठेवावी लागते. आग काही सुट्टी बघून लागत नाही. त्या वर्षी ती पाळी त्याच्या गाडीची होती. साहेबांचं भाषण ऐन रंगात आलं आणि घंटा झाली. गाद्या-उशांच्या दुकानाला आग लागली होती. गाडी फाटकातून बाहेर पडताना तो पायरीवरून मला ओरडला, “घरी सांग रं, जेवायला उशीर हुईल म्हणावं.” फोन आम्ही लॉकरमध्येच ठेवून जातो, त्यामुळं ते काम माझ्याकडं आलं.

परेड सुटल्यावर मी वहिनींना फोन लावला. उचलला नाही. त्या स्पीकरपुढं फोन कुणाला ऐकू येणार? म्हटलं जाऊन सांगू. कपडे बदलायला किती वेळ लागतो हो. पण हा ड्रेस वर्षातून एक-दोनदाच कपाटाबाहेर निघतो. बायकोनं इस्त्री अशी मारलेली की पँटच्या घडीनं कांदा कापला असता. बुटाला असं पॉलिश की त्यात बघून मी मिशी कातरली होती. एवढं सगळं ट्रंकेत कोंबायचं आणि चुरगळलेल्या शर्टात राजारामपुरीतून जायचं? मोटारसायकलवर ताठ बसून निघालो. रिक्षावाल्यांनी सलाम ठोकले. सिटी बसच्या ड्रायव्हरनं मला बघून स्टॉप नसताना बस थांबवली. बसमधल्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या, तो भाग मी सहसा सांगत नाही.

आणि दारात उभं राहून, टोपी काढून, गळा साफ करून मी म्हणालो, “वहिनी, एक निरोप हाय.”

त्यांच्या हातातली कणकेची परात खाली पडली.

आता हे समजायला आमच्यातली एक पद्धत सांगायला हवी. काही वर्षांमागं आमच्यातला एकजण भिंत अंगावर पडून गेला, ड्युटीवरच. त्या वेळच्या साहेबांनी सांगितलं, असली बातमी घेऊन काजळीच्या कपड्यांत कुणाच्या दारात जायचं नाही. परेडचा ड्रेस घालून जायचं, टोपी हातात घ्यायची, आणि फोनवर तर चुकूनसुद्धा सांगायचं नाही. तेव्हापासून तीच रीत पडली. आमच्या घरातल्या बायकांना ती पोलिसाच्या शिट्टीसारखी पाठ आहे. आणि तेव्हा क्वार्टर्समध्ये त्या गेलेल्याच्या बायकोशेजारी राहत होत्या या वहिनी. त्या बाईला कोसळताना धरलं होतं ते यांनीच. हे सगळं मला ठाऊक होतं.

“वहिनी, तसलं काय न्हाय,” मी म्हणालो.

“मग टोपी का काढलीसा?”

“उगंच काढली.”

“उगंच? आजवर कवा उगंच टोपी काढलीसा माझ्या दारात?”

“जेवायला उशीर हुईल म्हणून सांगायला आलो. त्यो गेलाय कॉलला.”

“एवढं सांगायला हे असलं घालून?” त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. “मला शेंबडी पोर समजू नका. त्या साहेबानंबी तसंच सांगितलेलं तिला. आधी म्हणाला, जरा लागलंय.”

शेजारच्या बाया जमल्या. कुणी पाणी आणलं, कुणी स्पीकर बंद करायला धावलं. स्पीकर बंद पडला आणि गल्ली एकदम मोकळी मोकळी वाटायला लागली, ती शांतता मला सोसवेना. गल्लीच्या या टोकाला मी जेवणाचा निरोप दिला होता, त्या टोकाला पोहोचेपर्यंत बंबाचा स्फोट होऊन आख्खं स्टेशन गेलं होतं. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “लेकरा, तू कसा वाचलास?”

“फोन लावा,” वहिनी म्हणाल्या. “मला त्यांचा आवाज ऐकवा.”

त्याचा फोन लॉकरमध्ये. तरी लावला. वाजून वाजून बंद झाला. कंट्रोल रूमला लावला. तिथला गडी म्हणाला, “गाडी अजून तिथंच हाय. वायरलेसवर कोण बोलंना झालंय मघापास्नं.”

“बोलंना म्हंजे?”

“म्हंजे बोलंना.”

वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण माझं तोंड कुणीही वाचतं, तर या का वाचणार नाहीत. कारण कापसाची आग मला माहीत होती. ती वरून विझते आणि पोटात जळत राहते. गठ्ठे फोडून, पसरून, एकेक भिजवावा लागतो, आणि ते करायला माणसाला धुरात आत जावं लागतं. असल्या दुकानांना वर लाकडी माळा असतो. माळ्यावर भिजलेला कापूस म्हणजे दगडांचं ओझं.

मग माझ्या डोक्यात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. खरंच काही झालं असेल, तर या दारात कुणाला धाडतील? जोडीदाराला. म्हणजे मलाच. आणि मी तर आधीच तयार होऊन आलोय.

हातमोज्यांच्या आत हात घामानं भिजले. ते काढावेत असंही वाटेना. मग टोपीसारखा त्याचाही त्यांनी काहीतरी अर्थ लावला असता.

“चला,” मी म्हणालो. “बसा गाडीवर. डोळ्यांनी बघा.”

मागं वहिनी, पिठानं भरलेले हात माझ्या खांद्यावर. येताना ज्यांनी सलाम ठोकले तेच रिक्षावाले आता नुसते बघत होते.

दुकानापुढं गर्दी, पाण्याचा चिखल, रस्ताभर काळा कापूस. बंब उभा होता. पंपावरच्या माणसानं मला बघितलं आणि त्याचाच चेहरा उतरला. “काय झालं रं? कोण गेलं?”

“तूच सांग. कुठं हाय त्यो?”

त्यानं आत बोट दाखवलं. “आतच हाय. लई वेळ झाला.”

वहिनींची बोटं माझ्या दंडात रुतली. दारातून नुसता पिवळट धूर येत होता. आत काहीतरी धाडकन पडलं. वहिनी घरी एवढ्या ओरडल्या आणि इथं नुसत्या उभ्या. त्यापेक्षा ओरडणं बरं होतं.

मग धुरातून एक भिजकी गादी बाहेर आली आणि गादीखाली तो. डोळे तेवढे पांढरे. गादी चिखलात टाकली, खोकला, वर बघितलं. परेडच्या ड्रेसात मी, माझ्या शेजारी त्याची बायको, अंगभर पीठ, केस सुटलेले.

तो जागच्या जागी थिजला.

“आई?” तो म्हणाला. एवढंच.

“आई बरी हाय,” वहिनी म्हणाल्या. “सगळी बरी हायत. भावजी जेवायला उशीर हुईल म्हणून सांगाय आलते.”

त्यानं माझ्याकडं बुटापासून टोपीपर्यंत बघितलं. मग तो त्या भिजक्या गादीवरच बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड धरलं. हसला का रडला ते मी सांगणार नाही. वायरलेस काय झाला होता म्हणाल, तर बंबाच्या केबिनमध्ये बोलायला माणूसच नव्हता. पंपावरच्याला पंप सोडता येत नव्हता, बाकी सगळे आत गठ्ठे फोडत होते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला इतकं झापलं की स्टेशनातल्या बादल्या वाजल्या. ते मला काही लागलं नाही. लागलं ते वहिनींचं, त्या काही बोलल्याच नाहीत म्हणून. आठवडाभर धीर करून शेवटी मी त्यांच्याकडं गेलो, साध्या शर्टात, चप्पल घालून. तो शेजारी बसला होता. त्या भाजी निवडत होत्या. मी म्हणालो, “वहिनी, चुकलं माझं. पर एवढा झ्याक ड्रेस हाय, सरकारनं दिल्याला. मग मी त्यो घालायचा तरी कवा?”

त्यांनी मान वर केली नाही.

“हे घरात असतील तवा घाला,” म्हणाल्या.