हिरूमावशींची जागा

हिरूमावशी औषधाचा वास घ्यायच्या. गोळ्यांची पट्टी असो, खोकल्याची बाटली असो की मलमाची ट्यूब, आधी ती नाकाशी न्यायच्या, मग डोळे बारीक करून उलटसुलट बघायच्या आणि मगच पिशवीत टाकायच्या. बोईसरच्या माझ्या मेडिकलमध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी हसू दाबत म्हटलं, "मावशी, सीलबंद पट्टीला कसला वास येणार?" त्या म्हणाल्या, "नाय येत ना? मग बरं. आला असता तर परत दिली असती."

मावशी किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या. नवऱ्यामागे मासळी विकून दोन मुलगे वाढवले, लग्नं लावली, पक्कं घर बांधलं. बाजारात भिंतीला लागून त्यांची जागा होती, माझ्या दुकानाच्या पायरीवरून समोर दिसायची. खाली गोणपाट, पुढे पाटी, आणि मागे मावशी, पदर खोचून, एक गुडघा वर घेऊन बसलेल्या. त्या जागेवर आधी त्यांची सासू बसायची. भाव पाडून मागणाऱ्याला त्या शिव्या देत नसत, नुसतं म्हणत, "तुज्या घरी आज डाळच शिजू दे." गिऱ्हाईक दोन पावलं जाऊन परत येई.

एका सकाळी रिक्षातून पाटी उतरवून डोक्यावर घेताना त्यांच्या पाठीत कट् झालं. पालघरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणका दबला होता, बाकीची हाडंही पार ठिसूळ झालेली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पट्टा दिला, आणि रोज घ्यायचं एक इंजेक्शन लिहून दिलं, हाडं भरून आणणारं. पेनासारखी नळी, बारीक सुई, पोटावर किंवा मांडीत आपलं आपणच टोचून घ्यायचं. डोक्यावरची पाटी मात्र कायमची बंद. त्यावर मावशी म्हणे डॉक्टरांशी मासळीसारखा सौदा करत बसल्या, आणि शेवटी विचारलं, "पाटी दुसरं कोन तरी उचलील. मी तिथं सकाळभर बसू शकेन का, तेवडं सांगा." डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करू. तेवढ्यावर मावशी उठल्या. तेव्हा त्यांना भिंतीचा आधार घेऊनही फार वेळ ताठ बसता येत नव्हतं.

घरात कुणालाच हे पसंत नव्हतं. थोरला भालचंद्र तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. आईवर जीव, पण त्याच्या मते आता आईनं घरी बसून नातवंडं सांभाळावीत. शेजारपाजारचेही बोलायचेच, गोवऱ्या मसणात गेल्या आणि म्हातारी हाडं भरायला निघालीय. मावशींच्या कानावर ते आलं तेव्हा त्या माझ्या दुकानात होत्या. "गेल्यात ना? मग वाळू दे तिथंच," त्या म्हणाल्या, "मला बाजारात जायचंय."

पहिलं इंजेक्शन मी मावशींना दुकानाच्या आतल्या स्टुलावर बसवून टोचून दाखवलं. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून बसूनच घ्यायचं, घेतल्यावर लगेच उठायचं नाही. सुई दर वेळी नवी, वापरलेली घट्ट झाकणाच्या बरणीत. पेन फ्रिजमध्ये, एक पेन महिनाभर, उरलं तरी टाकायचं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि वर मलाच बजावलं, "बाय, तुज्यानं नाय जमत. माजं मी करते." खरंच जमलं नव्हतं. आम्हा मेडिकलवाल्यांना गाव अर्धा डॉक्टर समजतं, पण आमचा हात कपाटाला सरावलेला असतो, सुईला नव्हे.

महिना-दोन महिन्यांनी भालचंद्र आईला घेऊन दुकानात आला आणि खिशातून एक इवलीशी काचेची कुपी काढून काउंटरवर ठेवली. आत पांढरी भुकटी. त्याच्या जिमवाल्यानं दिली होती. भालचंद्र स्वतः दुखऱ्या खांद्यासाठी ती घेत होता आणि फरक आहे म्हणत होता. स्नायू, सांधा, हाड, सगळं लवकर भरून येतं, पाणी घालून टोचायचं. "आईचं औषध पेप्टाइडच आहे ना? मग हेही पेप्टाइडच. रोज तुमच्याकडचं महागडं कशाला?"

मी त्याला म्हटलं, पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, इन्शुलिनही त्याच कुळातलं आहे, म्हणून आईला इन्शुलिन देशील? गोत्र एक म्हणून सगळ्यांच्या घरी जेवायला बसत नाहीत. मग कुपीवरचं बारीक इंग्रजी वाचून दाखवलं: फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत किती आहे याची खात्री नाही, भुकटी निर्जंतुक आहे का कोण जाणे. गुण येतो की नाही, याचा वाद मी घातलाच नाही. मला ठाऊक नव्हतं, आणि देणाऱ्यालाही नव्हतं. भालचंद्र म्हणाला, हे सगळे असंच छापतात, कायद्यापुरतं.

मावशींनी कुपी उचलून नाकाशी नेली. त्यांनी विचारलं, "भालू, उद्या ह्यानं माजे पाय गेले, तर तुज्या जिमवाल्याला धरायचा कुटं?" भालचंद्र म्हणाला, असं काही होत नाही. "होत नाय ते होत नाय. झालं तर? डाक्टरच्या दाराला नावाची पाटी हाय. ह्या बायचा लायसनचा कागद भिंतीला लटकलाय, ती पळून जायची नाय. त्याचा कागद दाखव, मग टोचते." भालचंद्रानं कुपी उचलून खिशात टाकली. तो स्वतः ती घेत राहिला का, ते मला कधी कळलं नाही. आईपुढे मात्र त्यानं ती पुन्हा काढली नाही.

पण मावशी म्हणजे काही सगळं कळलेली बाई नव्हत्या. त्यांची चूक झाली ती बर्फानं. पावसाळ्यात एका वादळात घिवलीची वीज गेली आणि दोन दिवस आलीच नाही. फ्रिज बंद. मावशींनी जन्मभर जे केलं तेच केलं. नुकतंच उघडलेलं पेन पिशवीत बांधलं, थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा आणि खडेमीठ यांत गाडलं, सुरतेला पापलेट पाठवताना गाडतात तसं. वीज आल्यावर मोठ्या अभिमानानं मला सांगायला आल्या, की बाय, तुज्या फ्रिजपेक्षा जास्त थंड ठेवलंय.

मी विचारलं, आतलं गोठलं होतं का? म्हणाल्या, दगड झालेलं, आता परत पाणी झालंय, बघ कसं निवळशंख आहे. मी पेन हातात घेतलं. ते औषध थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. गोठलं की ते बिघडतं, मग दिसायला कितीही स्वच्छ असो. मी तसं सांगितल्यावर मावशी भडकल्या. "बर्फानं कदी काय नासलंय? साठ वर्सं बर्फावर जगले मी." त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. ज्यावर पूर्ण भरवसा, त्यानंच दगा दिला होता. पेन थंड ठेवायला सांगितलं होतं, पण गोठवायचं नाही हे मी त्यांना नीट ठसवलं नव्हतं, याची मला चुटपुट लागली.

त्यांना भीती वेगळीच होती. नासलं हे घरी कळलं, की मुलं म्हणणार, पुरे आता. आणि कळू द्यायचं नसेल तर एकच मार्ग होता, गप्प बसून तेच टोचत राहायचं.  मावशी ते पेन माझ्याकडेच ठेवून निघून गेल्या. पुढचं मला नंतर भालचंद्रानंच सांगितलं. अंगणात सगळे असताना मावशींनी स्वतःच सांगून टाकलं, की औषध मी नासवलं. भालचंद्र म्हणाला, देवालाच नको आहे, बस आता घरी. त्यावर त्या म्हणाल्या, "जाळं फाटलं म्हणून तुज्या बापानं दर्या सोडला नाय. मी बाजार सोडीन होय?" भालचंद्र दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन नवीन पेन घेऊन गेला. फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते दोनदा विचारून घेतलं. मधले चुकलेले दिवस भरून काढायला मावशी रोज दोन घ्यायला निघाल्या होत्या, तेवढं मी थांबवलं.

हळूहळू त्या बाजारात येऊ लागल्या. आधी तासभर, मग थोडं जास्त, मग पाटी संपेपर्यंत. पाटी शेजारणी उतरवून द्यायच्या, याचा त्यांना संताप यायचा, पण ते त्यांनी गिळलं. दोन वर्षांनी डॉक्टरांनी ते इंजेक्शन बंद करून दुसरं औषध सुरू केलं. मावशींना हे मुळीच पटलं नाही. ज्यानं उभं केलं तेच का थांबवायचं? माझ्याकडे येऊन म्हणाल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दे. मी म्हटलं, त्याची मुदत ठरलेली असते, जास्त घेणं धोक्याचं, मी देणार नाही. तेव्हा त्या माझ्यावर अशा रुसल्या की महिनाभर मला मासळी विकली नाही. मी समोर उभी राहिले की पाटीवर ओलं फडकं टाकायच्या. मला रागही यायचा आणि त्यांच्याबद्दल अभिमानही वाटायचा.

मागच्या वर्षी छातीत कफ होऊन मावशी गेल्या. आजार लहान, चार दिवसांचा. पाठीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी घिवलीला जाऊन आले. मला मावशी आठवतात त्या त्याच्या आधीच्या एका सकाळच्या.

रस्त्याच्या कामासाठी मासळीवाल्यांना मागच्या गल्लीत हलवायचं ठरलं होतं, जिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. पंचायतीची गाडी आली, माणसं उतरली, पाट्या उचलायला लागली. बायका कुरकुरत उठत होत्या. एक तरुण साहेब मावशींपुढे वाकून समजुतीनं म्हणाला, आजी, तुमचं आता वय झालं, कशाला त्रास करून घेता, उठा. मी पायरीवरून बघत होते. मावशी भिंतीपासून सुटून बसल्या होत्या, आधार न घेता.

"ताठ बसायला दोन वर्सं सुया टोचून घेतल्यात मी," त्या म्हणाल्या. "आता तू उठ म्हनतोस?"

साहेबाला काही कळलं नाही. अर्धवट उठलेल्या बायका मात्र परत खाली बसल्या. त्यानं इकडेतिकडे बघितलं, फोन लावला, आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गाडी रिकामी घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात ती माणसं परत आली. मावशी त्यांच्या आधीच येऊन बसल्या होत्या.