चावीवाल्याच्या घरातला शॉवर

माझे सासरे पाणीपुरवठा खात्यात चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, छातीला लागेल एवढी लांब चावी आत घालून गल्लीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. उभी हयात त्यांनी हेच केलं. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि चावी त्यांनी स्वतःच ठेवून घेतली. घड्याळ कपाटात गेलं. चावी दारामागे उभी राहिली आणि आमच्या घराचं पाणीपुरवठा खातं झालं.

लग्न होऊन आले तेव्हा मी या घरात एकच गोष्ट मागितली होती. दागिना नाही, सहल नाही, फक्त शॉवर. मी पार्लरमध्ये काम करते, दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापते, डोकी धुते. संध्याकाळी मानेवर, कानामागे, गळ्याच्या आत परक्या बायकांचे बारीक केस टोचत असतात. ते बादली-मगाने निघत नाहीत, फक्त जागा बदलतात. पार्लरमध्ये आम्ही प्रत्येकीला दोनदा शाम्पू लावतो. घरी एकदा लावलेला तरी धड निघेल का, याची धाकधूक.

त्यात माझा नवरा बाथरूमच्या सामानाच्या दुकानात विक्रेता आहे. दिवसभर टाय लावून लोकांच्या गळ्यात शॉवर मारतो आणि घरी येऊन बादलीपुढे उकिडवा बसतो. मी विषय काढला की मूग गिळून गप्प. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही. शेवटी मीच एकदा बाबांना विचारलं. बाबा म्हणजे सासरे. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे नळ छताला लावायचा आणि बंद करायला विसरायचं." झालं, विषय संपला.

आमच्या घरात पाण्यालाही नोकरी करावी लागते. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं, ते निळ्या बादलीत. भाजी धुतलेलं फरशीला, ते हिरव्या बादलीत. कपड्यांचं पाणी लाल बादलीत, आणि ते शेवटी संडासात निवृत्त होतं. माझ्याकडून चुकून हिरवीतला मग निळीत बुडला तर बाबा रागावत नाहीत. ते मग उचलून विसळतात आणि ते विसळलेलं पाणी कुठल्या बादलीत टाकावं याचा विचार करत उभे राहतात. तोवर बाहेर मी आणि नवरा टॉवेल घेऊन ताटकळत असतो.

नुसतं पाण्याचं असतं तर निभावलं असतं. पण भात अर्धा शिजला की गॅस बंद करायचा आणि पातेलं रजईत गुंडाळून ठेवायचं, उरलेलं काम आतली वाफ करते. खोटं कशाला बोलू, भात उत्तम होतो. फक्त एकदा एका पाहुणीचे पाय गारठले म्हणून तिने ती रजई ओढली, आणि त्या दिवशी आम्ही सगळे सोफ्यावरून भात वेचत होतो. साबणाचे उरलेले तुकडे दाबून त्यांचा एक गोळा होतो, त्याला सगळे रंग असतात आणि वास कुठलाच नसतो. शर्ट गादीखाली ठेवून त्यावर झोपलं की इस्त्री झाली. बाबा खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतात. आत मी असले तरी करतात. मी अंधारात भांडी घासायला शिकले आहे. बिलं अशी येतात की मीटर बघायला येणाऱ्या माणसाने एकदा मीटरला टिचकी मारून पाहिली होती.

पण त्यांना कुणी कंजूष म्हटलेलं मी खपवून घेत नाही. म्हणायचं तर मी म्हणेन, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. बाबांच्या लाइनीच्या शेवटी टेकडीवरची घरं होती. खालच्यांनी नळ मोकळे सोडले की पाणी वर चढायचं नाही. मग वरच्या बायका रिकाम्या कळशा घेऊन चावीवाल्यालाच गाठायच्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. त्यात त्याचा काय दोष, हे विचारायची सोय नव्हती. अजूनही कुठे नळ ठिबकला की बाबांची मान आधी टेकडीकडे वळते आणि मग नळाकडे.

हे सगळं असंच चाललं असतं, पण समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतली.

एका रविवारी ते गाडी धुवायला उतरले. हातात नळी, कानाला फोन, आणि पाणी सरळ गटारात. बाबा गॅलरीत होते. आधी ते खोकले. मग "डॉक्टर" अशी हाक मारली. डॉक्टरांनी हसून हात हलवला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. बाबा आत आले, दारामागची चावी घेतली, जिना उतरले, कोपऱ्यावरचं झाकण उघडलं आणि अख्ख्या गल्लीचं पाणी बंद करून टाकलं. नळी मलूल झाली. बाबा घरी आले, आणि काम चोख झालं की झोप लागते तशी त्यांना गाढ झोप लागली.

आमचं पार्लर त्याच गल्लीत आहे. तिथे टाकी नाही, थेट लाइनीचं पाणी. त्या वेळी माझ्या खुर्चीवर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. समारंभासाठी त्यांना केसांत सोनेरी छटा हवी होती, म्हणून मी ब्लीच लावलं होतं. ब्लीच वेळेत धुवावं लागतं, नाहीतर ते स्वतःच्या मर्जीने रंग निवडतं. मी नळ सोडला, तो दोनदा खाकरला आणि गप्प झाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मालकीणबाई म्हणाल्या, "कुठूनही पाणी आण."

गल्लीत पाण्याने भरलेलं एकच घर मला ठाऊक होतं. मुख्याध्यापिकांच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर टॉवेल, अशी मी त्यांना रस्त्यातून नेली. वाटेत दोन पालक भेटले. त्यांनी "नमस्कार बाई" म्हटलं आणि बाईंनी, टॉवेल एका हाताने सावरत, शाळेच्या दारात उभ्या असाव्यात तशी मान हलवली.

बाबांना हलवून उठवलं. "बाबा, पाणी हवंय."

"कशाला?"

"डोक्याला. लवकर."

"मग हिरवी घ्या," ते म्हणाले. "निळी कुंड्यांची आहे."

हिरवीत सकाळचं पालक धुतलेलं पाणी होतं. मी मग उचलला तर त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः ओतायला लागले. थोडं ओतायचं, थांबायचं. "मुरू द्या बाई, लगेच दुसरा नको. पाण्याला काम करायला वेळ द्यावा लागतो." पाणी काम करत होतं की नाही माहीत नाही, ब्लीच मात्र मन लावून करत होतं. डोकं पुसलं तेव्हा उजवी बाजू गाजरासारखी झाली होती आणि डावीत पालकाचं एक पान होतं.

"पण लाइन गेली कशी?" बाबा म्हणाले. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. चावीच्या टोकाला ओली माती होती. ते खाली बसले. "माझ्याकडूनच बंद झाली," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी मला महिनाभर खुर्चीवरून काढलं आणि केर काढायला लावलं. जे केस मी कापायचे, तेच आता गोळा करत होते. दुसऱ्या दिवशी खात्याचा नवा चावीवाला आमच्या दारात आला. त्याला बाबांनीच काम शिकवलं होतं, त्यामुळे तो चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बाबांनी त्याला काही बोलायला लावलं नाही. चावी फडक्याने पुसली आणि त्याच्या हातात दिली. दारामागे भिंतीवर गंजाची एक लांब रेघ तेवढी उरली.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी नवऱ्याला सांगितलं, "शॉवर असलेलं घर बघ. मी एकटी जात नाहीये. आपण दोघं जातोय." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे आम्ही गेलो की घरात बाबा आणि तीन बादल्या उरणार, हे मला कळत होतं. तरीही मी म्हणाले. नवरा गप्प बसला, आणि या वेळी त्याचं गप्प बसणं मी होकार धरलं.

जागा दाखवणाऱ्या एजंटाला घरी फोन करू नका असं बजावलं होतं. त्याने घरीच केला. आम्ही जेवायला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, "एजंटाचा फोन होता. गुरुवारी या म्हणाला." मग पानातलं संपवत म्हणाले, "चोवीस तास पाणी आहे म्हणतो. भिंतीला ओल आहे का तेवढं बघून घ्या." एवढंच. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, माझी तयारी होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा पुन्हा राग आला.

गुरुवारी घर पाहिलं. घर छान होतं. बाथरूममध्ये परातीएवढा शॉवर होता. मी बाही वर केली आणि नळ सोडला. पाणी असं आलं की मानेवरचा प्रत्येक केस वाहून गेला असता. मी पाण्याखाली हात धरून उभी राहिले. मग माझी नजर खाली जाळीकडे गेली. ते सगळं पाणी कशालाही न लागता जात होतं. ना कुंडीला, ना फरशीला. मी नळाकडे हात नेला तर तिथे नवऱ्याचा हात आधीच होता.

"असू द्या हो," एजंट म्हणाला. "इथे पाण्याला तोटा नाही."

"मला आवडलं घर," मी जरा मोठ्यानेच म्हणाले. नवरा म्हणाला, "रविवारी कळवतो."

जिना उतरताना तो थांबला. "बाबा काल दुकानात आले होते."

"कशाला?"

"मला ओळखच दाखवली नाही. मॅनेजर शेजारी उभा, मग मलाही 'या साहेब' म्हणावं लागलं. घरून निळी बादली आणली होती. प्रत्येक शॉवरखाली धरून भरून पाहिली. शेवटी मॅनेजर वैतागला. म्हणाला, काका, तुम्हाला नेमका कसा हवाय?"

"मग?"

"म्हणाले, पाणी कमी घेणारा पाहिजे. पण सुनेच्या मानेवरचे केस निघाले पाहिजेत."

त्यांना मी मानेवरच्या केसांचं कधी सांगितलंच नव्हतं. "आणि हे तू आत्ता सांगतोयस? मग घर बघायला कशाला आलास?"

"तू म्हणालीस म्हणून," तो म्हणाला. "आणि तिला सांगू नको असं बाबा म्हणाले होते म्हणून."

या माणसाचं काय करावं, हा प्रश्न मी पुढे ढकलला आणि घर गाठलं. बाबा बाथरूमच्या दारात पाना घेऊन उभे होते. केसांत सिमेंट, बनियन ओला. आत भिंतीवर छोटासा शॉवर होता. त्याचा पाइप खिडकीतून वर गच्चीत गेला होता. तिथलं जुनं पिंप त्यांनी काळ्या रंगाने रंगवलं होतं. दिवसभर उन्हात पाणी आपोआप तापतं, विजेचं नाव नको.

"जा, आंघोळ करून घे," ते म्हणाले.

"किती वेळ?"

त्यांना उत्तर द्यायला जड गेलं. दाढ काढताना माणूस तोंड करतो तसं तोंड झालं. "हवा तेवढा," ते म्हणाले.

मी कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. पाणी कोमट होतं. मानेवर पडलं आणि तिथले केस निघून गेले, खरोखर गेले. मला रडू आलं. शॉवरखाली रडण्याची एक सोय आहे, कुणाला कळत नाही. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला, म्हणजे बाबा दाराशीच बसले होते. पलीकडून नवरा फोनवर बोलत होता. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नाही हो, घर चांगलंय," तो सांगत होता, "पण भिंतीला ओल आहे."

थोड्या वेळाने लक्षात आलं की पाणी माझ्या घोट्यापर्यंत चढलंय.

"बाबा," मी आतून म्हणाले, "मोरी तुंबलीय."

बाहेर घसा खाकरल्याचा आवाज. "तुंबली नाही. माझ्या जुन्या युनिफॉर्मचा बोळा आहे. काढू नको." पाठोपाठ बादल्यांचा खडखडाट. "तू निवांत आवर. तुझं झालं की मी उपसून घेतो."

"बादल्या पुरतील?"

"घरातल्या सगळ्या काढल्यात," ते म्हणाले. "कमी पडल्या तर डॉक्टरांकडून मागून आणतो."

मी शाम्पूच्या बाटलीकडे हात नेला आणि केसांना दुसऱ्यांदा शाम्पू लावला.