आमेन म्हणायचं कोणी?

पहाटे साडेचारला मावशींचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. नवऱ्याचं घोरणं त्या सुमाराला थांबायचं आणि त्या शांततेनेच त्यांना जाग यायची.

घरचं सगळं उरकून त्या उजाडता उजाडता विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत हजर असत. तिसरा मजला त्यांचा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी दुसरी. फरशी पुसायची रीत ठरलेली: खुर्च्या उचलून भिंतीला लावायच्या, ओढायच्या नाहीत. खिडकीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दाराशी यायचं. प्रत्येक खोलीला नवं पाणी. एकाच बादलीत सगळा मजला उरकणाऱ्यांना त्या 'चिखल सारवणाऱ्या' म्हणत.

कित्येक वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. यंदा त्यांना कायम करायचा कागद अधीक्षक साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता. 'कामात कसूर नाही' असं लिहून साहेबांनी सही करायची, एवढंच राहिलं होतं. कायम झालं की नवऱ्याला दात बसवायचे, हे मावशींनी पक्कं ठरवलं होतं. आयुष्यभर पोती वाहून त्याची पाठ शाबूत राहिली, दात मात्र गेले. "पाठीने चावता येत नाही ना," असं तो म्हणायचा. म्हणजे असंच काहीतरी म्हणायचा. दातांवाचून त्याचं निम्मं बोलणं हवेतच जायचं.

दर शुक्रवारी संध्याकाळी मावशींच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत ख्रिस्ती विद्यार्थ्यांची चर्चा भरायची. सुरुवातीला चौघंच होती. बायबलमधला एखादा उतारा वाचायचा आणि त्यावर घसा बसेपर्यंत वाद घालायचा. प्रश्न विचारायला कोणालाही मुभा होती. त्यामुळे हळूहळू देव मानणारे आले, न मानणारे आले, आणि नुसतं चहा-बिस्किटांना मानणारेही आले. खुर्च्यांच्या एका रिंगणात दुसरं रिंगण झालं, मग पोरं खिडकीच्या कट्ट्यावर चढली.

"गोल कशाला बसता रे?" मावशींनी एकदा विचारलं. "रांगेत बसलात तर देवाला दिसणार नाही का?"

ज्याने हे सगळं सुरू केलं त्या उंच पोराला सगळे लंबू म्हणत. तो म्हणाला, "गोल बसलं की कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, मावशी."

"आणि खुर्च्या उचलायला कोणीच नाही!"

पुढच्या शुक्रवारपासून पोरं स्वतः खुर्च्या उचलू लागली. वाईट उचलत, पण उचलत.

चर्चेचा शेवट मूक प्रार्थनेने व्हायचा. ती कोणी संपवायची यावरही सुरुवातीला वाद झाला होता. शेवटी असं ठरलं, की हजर असलेल्यांत जो वयाने मोठा, त्याने 'आमेन' म्हणायचं आणि तोवर कोणी डोळे उघडायचे नाहीत. लंबू एक वर्ष नापास झालेला, म्हणून आजवर तोच मोठा ठरत आला होता.

एका शुक्रवारी मावशी बादली घेऊन आल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले. मध्येच फडकं मारणं बरं दिसेना. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर त्या टेकल्या. चाहूल लागली तसं लंबूने किलकिले डोळे करून पाहिलं, वयाचा हिशेब केला आणि 'आमेन' गिळून टाकलं.

पोरं मावशींच्या आमेनची वाट बघत बसली. मावशी पोरांच्या उठण्याची. यांचं आटोपेल मग पुसू, असं मनाशी म्हणत त्यांनीही डोळे मिटले.

साहेब फेरीवर आले तेव्हा निम्मा मजला कोरडा होता आणि मावशी खुर्चीत.

"कामाच्या वेळेत झोपता?" साहेब कडाडले. "उद्या सकाळी ऑफिसात या. तो कागद मी परत पाठवतोय."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि काहीतरी बोलला. "हो, हो," म्हणून मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहतात तोच मागून पोरं आत शिरली. प्रतिनिधी कोणी व्हायचं यावर एकमत न झाल्याने सगळीच आली होती.

"सर, चूक आमची आहे," त्यांच्यातली एक चष्मेवाली म्हणाली. "पण पूर्ण आमची नाही."

"चूक म्हणजे काय, ते आधी ठरवू या का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"गप्प!" साहेबांनी मावशींकडे पाहिलं. "खरं सांगा. झोप लागली होती का?"

नाही म्हटलं असतं तर कोणी खोडून काढणार नव्हतं. मावशी म्हणाल्या, "आधी नव्हती, साहेब. शेवटी शेवटी लागली."

लंबूने कपाळाला हात लावला. चष्मेवाली मात्र पुढे सरसावली. "येशूचे शिष्यही ऐन वेळी बागेत झोपले होते, सर."

"मग?"

"त्यांना काढलं नाही. फक्त बोलणी बसली."

"आणि मावशींना ती कालच बसली!" लंबूने टेकू दिला.

"पण शिष्य पगारी होते का?" खिडकीच्या कट्ट्यावर चढलेल्या एकाने विचारलं आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेना. साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, मग पेन धरलं. 'कामात कसूर नाही' लिहिलं. थोडं थांबून वर 'सहसा' घातलं.

"सहसा म्हणजे नेमकं किती, सर?" चष्मेवालीने वाकून विचारलं.

साहेबांनी 'सहसा' खोडलं आणि सही ठोकली.

"आता प्रार्थना करू या," लंबू म्हणाला. सगळ्यांचे डोळे मिटले. खोलीत शांतता पसरली ती पसरलीच. निवृत्तीला आलेले साहेब गोंधळून बघत राहिले.

मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, इथे तुम्ही मोठे. आमेन म्हणा, नाहीतर हे हलायचे नाहीत."

"आमेन!" साहेब एवढ्याने ओरडले, की बाहेरचा शिपाई धावत आला.

कायमचा पगार सुरू झाला आणि त्यातून नवऱ्याचे दात झाले. पहिल्या सकाळी त्याने ते नीट बसवले, चहाचा घोट घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साखर कमी आहे."

गेली कित्येक वर्षं तो रोज सकाळी हेच म्हणत होता आणि त्या "हो, हो" म्हणत होत्या, हे मावशींना तेव्हा कळलं. ते कळायला त्यांचा स्वतःचा पगार खर्ची पडला होता.