काचवाल्याची खिडकी

लढाई संपली तरी निर्बंध उठले नाहीत, त्यामुळे देशात काच येईना. काचवाले काका घरोघरी खिडक्यांना प्लास्टिक ठोकत फिरले. मग निर्बंध उठले आणि काच अडवणाऱ्या देशांच्याच मदतीतून काचा आल्या.

"आधी नाक दाबायचं, मग वारा घालायचा!" काका करवादले, पण काचा बसवत राहिले.

"स्वतःची खिडकी कधी?" शेजारीण रोज टोकायची. तिची कटकट नको म्हणून शेवटी काकांनी आपल्याही खिडकीला काच बसवली.

संध्याकाळी घर चिडीचूप. बायको गेल्यापासून घरात आवाज तेवढा खिडकीच्या प्लास्टिकचा; ते वाऱ्यावर फडफडायचं आणि काका त्याच्यावर खेकसायचे, "जरा गप्प बस ना!"

काका हातोडी घेऊन बाहेर गेले. काचेवरून त्यांनी प्लास्टिक पुन्हा चौकटीला ठोकलं.

"हं, बोल आता."